आठव्या रांगेतील नवा दगड

सुज्ञ वाचकहो, आमच्या मातोश्रींनी एकोणीस वर्षे उराशी बाळगलेला संशय व एका दुपारी झालेला त्याचा निवाडा मी यथाशक्ती निवेदन करीत आहे. यात पदरचे काहीही घातलेले नाही.

माझे थोरले बंधू युद्धात कामी आले. ओळख पटविण्यास केवळ वडिलांना आत बोलाविले. ते सही करून दोन मिनिटांत बाहेर आले आणि शवपेटी मोहोरबंद झाली. "दोन मिनिटांत काय बघितलं असेल? पुढे आला कागद, केली सही!" असे आई म्हणे. दादा परत येईल म्हणून ती दाराला आतून कडी लावू देत नसे.

वडील थडग्यांचे दगड घडवीत. मीही तेच करतो. मृताचे मुख स्वतः पाहिल्यावाचून नावाला छिन्नी लावायची नाही, असा त्यांचा नेम होता. "ह्यांना गिऱ्हाईक मेलेलं दाखवावं लागतं," अशी लोक थट्टा करीत.

गतवर्षी वडील वारले. मग आई म्हणाली, "एकदा बघून येऊ. पण मी हात जोडणार नाही, सांगून ठेवते."

अशा रीतीने त्या पुरातन राष्ट्रीय सैनिकी दफनभूमीत आमचे प्रथमच पाऊल पडले. फाटकावर पहारेकऱ्याने आमचा डबासुद्धा उघडून पाहिला. आठव्या रांगेत सर्व दगड शेवाळून काळवंडले होते. एकटा दादाचा पांढराशुभ्र! अक्षरांच्या कडा बोटाला टोचत होत्या. दगड दोन वर्षांहून जुना नव्हता.

"बघ! नाव इकडचं तिकडे केलंय मेल्यांनी," आई पुटपुटली.

रखवालदार दुरून आम्हांस न्याहाळीत होता. मी त्यास गाठले.

"काका, हा दगड कधी बदलला?"

"बदलतात अधूनमधून."

"मग शेजारचे का नाही?"

"वरून हुकूम आला असेल."

"जुना कुठाय?"

"फोडतात." परंतु त्याची नजर कोपऱ्यातील पत्र्याच्या खोलीकडे गेली, ती माझ्यापासून लपली नाही.

"फोडलात का?"

त्याने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा चाचपला. "तुम्ही त्या म्हाताऱ्यांचे कोण? पिशवीत छिन्नी आणायचे ते?"

त्याने खोली उघडली. पोत्याखाली दादाच्या नावाचा दुभंगलेला दगड होता.

"दर वर्षी यायचे. फाटकावर मीच सांगून आत घ्यायचो. म्हणायचे, अक्षरं उथळ आहेत, पाऊस खाऊन टाकील. मी पाठ फिरवली की ठकठक सुरू! शेवटी तडकला. पावसानं तडकला असं कळवून मी नवा मागवला. खरं कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. पण फोडायला हात होईना."

प्रत्येक अक्षराच्या शेवटी वडिलांच्या छिन्नीची, मला परिचित अशी खाली वळणारी टोके होती. आईने त्यांवरून बोटे फिरविली.

"खाणीवर जातो म्हणायचे. लबाड!" मग थबकून तिने विचारले, "हे यांनीच कोरलंय?"

"हो, आई. दुसऱ्या कुणाचा हात नाही हा."

"म्हणजे यांनी त्याला बघितलं होतं."

ती पालथ्या बादलीवर बसली. रखवालदाराने पाणी दिले. काही वेळाने ती उठली, आठव्या रांगेत गेली आणि तिने हात जोडले.

घरी पोचल्यावर दाराची कडी तिने स्वतः लावली.

येथवर सोबत केल्याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
धाकटा दगडवाला