दोन दातांमधली फट

तिने वहीच्या कोपऱ्याचा आणखी एक तुकडा फाडला आणि मुठीत चुरगाळला. फळ्याजवळ उभी राहून कॉलेजातली एक मुलगी तिची कथा वाचत होती, आणि थांबायचं तिथे न थांबता भलतीकडेच थांबत होती.

शिबिराचा नियमच तसा. सुट्टीत रिकाम्या पडलेल्या वसतिगृहात आठ दिवस राहायचं आणि रोज एकाची कथा, नाव न सांगता, दुसऱ्याने वाचायची. चर्चा संपेपर्यंत लिहिणाऱ्याने अवाक्षर काढायचं नाही. मार्गदर्शक सर या नियमाला हसत हसत 'अळीमिळी गुपचिळी' म्हणत. हसायला त्यांचं काय जात होतं!

कथा अशी: एक मुलगी कवळ्या बनवते. 'एवढी शिकवली ती लोकांची उष्टी तोंडं सावरायला?' म्हणून वडील तिच्यावर रुसलेले. त्यांच्या तोंडाचं माप डॉक्टरांनी घेतलं, कवळी मात्र तिने बनवली. हे कळल्यावर त्यांनी ती पाण्याच्या वाटीत ठेवून दिली आणि दोन वर्षं दुधात पाव भिजवून खाल्ला. शेवटी एका सकाळी त्यांनी कवळी लावली, सफरचंदाचा लचका तोडला आणि म्हणाले, "बसली गं."

"अतिरंजित," निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी निकाल दिला. "दोन वर्षं? लेकीवरच्या रागापायी कुणी स्वतःचे हाल करून घेतं का?"

"मलाही नाही पटलं," शेजारच्या वकीलबाई म्हणाल्या. "बाप आहे की वैरी?"

"आणि ती फट!" बँक अधिकारी पुन्हा सरसावले. "म्हणे जुना फोटो बघून पुढच्या दोन दातांत फट ठेवली. अहो, नवीन करायची तर सरळ करा की! लिहिणाऱ्याने कवळी बनवताना कधी लांबूनसुद्धा पाहिलेलं नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं मेण तापवून अंगठ्याला घट्टा पडला होता. एका आजीबाईंनी तर फट नसलेली, सरळ दातांची कवळी परत पाठवली होती, चेहरा अनोळखी वाटून नातू जवळ येत नाही म्हणून. पहिल्या दिवशी ओळख करून देताना ती 'लॅबमध्ये असते' म्हणाली, तेव्हा कसली लॅब, एवढं विचारायचे कष्ट यातल्या एकानेही घेतले नव्हते. आणि आता उचलली जीभ लावली टाळ्याला! चर्चा संपू दे, एकेकाला सुनावते, असं तिने ठरवून टाकलं. वाक्यंसुद्धा मनात जुळवून ठेवली.

सरांनी चष्मा काढला.

"खरंय. फट काय, ती दोन वर्षं काय, सगळं मनचं वाटतं. पण शेवट बघा. 'बसली गं.' हे रचून येत नाही हो. हे कुणीतरी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. यातला एक शब्दही बदलू नका."

"तिथे मात्र मला भरून आलं," वकीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे टिपले. बँक अधिकाऱ्यांनीही मान डोलावली.

वाटीतलं पाणी ती रोज बदलत होती. तिचे वडील, अण्णा, गेले त्या दिवशीही तिने ते सकाळी बदललं होतं. कवळी तशीच, कोरी. बसली असती की टोचली असती, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"चला, कुणाची कथा? सुटलात तुम्ही, बोला आता."

ती उठली. इतका वेळ घोकलेलं सगळं ओठांवर होतं.

"माझी," ती म्हणाली. "मी कवळ्याच बनवते. वीस वर्षं झाली."

बँक अधिकारी घाईघाईने खिशात काहीतरी शोधू लागले. सरांचा चेहरा मात्र उजळला.

"बघा! म्हणजे शेवट खराच. असंच म्हणाले ना वडील?"

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने मुठीतले कागदाचे बोळे बाकावर ठेवले.

"हो," ती म्हणाली. "आणि सफरचंद पूर्ण संपवलं त्यांनी. सालासकट."