अर्ध्या अंगातला झटका

दीपमाला उभ्या उभ्या कोसळायची. हातात ताट असो की पातेलं, ते घेऊनच ती धाडकन खाली जायची. समोरचे दात त्यातच गेले होते, हनुवटीवर टाक्यांचे वण होते. अंजनगाव सुर्जीत ती घरीच शिकवण्या घ्यायची; आई, इंदूबाई, तिला हेल्मेटशिवाय अंगणातही जाऊ देत नसत. गेल्या उन्हाळ्यात भाकरी टाकताना ती तव्यावरच पडली आणि गाल भाजला. तोवर मिरगीच्या गोळ्या सगळ्या करून झाल्या होत्या.

अमरावतीच्या डॉक्टर गीतांजलीबाईंनी दोघींना नीट समजावलं. झटका मेंदूच्या उजव्या भागात सुरू होतो. तिथंच राहिला तर डावं अंग तेवढं उडेल. पण मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांना जोडणारी मज्जातंतूंची जाड पट्टी असते, तिच्यावरून तो क्षणात पलीकडे पोचतो आणि माणूस कोसळतो. सुरुवातीची जागा पसरलेली होती, ती काढता येत नव्हती. पट्टी मात्र कापता येईल. झटके जाणार नाहीत, पडणं बहुतेक थांबेल.

इंदूबाईंचा जीव धजत नव्हता. सही दीपमालानंच केली. "मले आता पडायचं नाही, माय," एवढंच ती बोलली.

नागपूरला ऑपरेशन झालं. सुरुवातीला तिची वाचाच गेल्यासारखी झाली. रोजची पाठ असलेली बुद्धवंदनाही ओठांवर येईना. डाव्या हाताला साधी वाटी धरवेना. मग हळूहळू ती सावरली, आणि पडणं खरंच थांबलं. इंदूबाईंनी हेल्मेट भंगारवाल्याला देऊन टाकलं. शिकवणी पुन्हा भरू लागली.

एका दुपारी मायलेकी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दीपमालाचा डावा हात उडू लागला. मग दंड, खांदा, तोंडाची डावी बाजू. झटका पुढं गेला नाही. ती बसलेलीच राहिली, उजव्या हातानं डावं मनगट दाबून, डोळे उघडे ठेवून.

सगळं ओसरल्यावर इंदूबाईंनी पदरानं तिची लाळ पुसली. निदान पडली तर नाही ना, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. दीपमालानं तोंड फिरवलं.

"आधी मले काहीच समजत नोतं, माय. उठली का सारं संपेल राहे. आता हात माह्या डोळ्यासमोर उडते, अन् मी नुसती पाहून राहते."

इंदूबाई सांडलेल्या शेंगा गोळा करू लागल्या.

"असंच होत होतं का मले? इतकी वर्सं?"

तुले झोप लागल्यासारखं होते, असंच त्या आजवर तिला सांगत आल्या होत्या.

"याच्याहून लय वाईट," इंदूबाई म्हणाल्या.

गोळ्या वाढवल्या, तरी झटके येतच राहिले. हात उडायला लागला की दीपमाला शिकवणीच्या पोरांना बाहेर पाठवते आणि आईला हाक मारते. इंदूबाई हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसतात, आणि ते ओसरेपर्यंत दोघी त्या हाताकडं बघत राहतात.