पुठ्ठाताईंचे प्रश्न

त्या मंगळवारी बाबा कुणाचा तरी प्रबंध शिवत होते. दोऱ्याचं टोक दातात धरून ते म्हणाले, "वाच, काय म्हणतायत माझे लोक."

त्यांचे लोक म्हणजे एका ऑनलाइन फोरमवरचे पालक. मुलांना कुठल्या कॉलेजात घालावं, तिथलं वसतिगृह कसं आहे, असं तिथे लोक एकमेकांना विचारतात. माझी मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात आली तेव्हा बाबांनी माझ्याकडून तिथे खातं उघडून घेतलं. पुस्तकबांधणीचं दुकान, म्हणून नाव ठेवलं 'पुठ्ठा'. 'आपण विद्यार्थ्याचे कोण?' या चौकटीत मी सवयीने 'आई' निवडलं, आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी लिहिलं, 'पुठ्ठाताई, स्वागत.' तेव्हापासून बाबा ताई झाले.

मी मोबाइलवर वाचून दाखवलं. "'पुठ्ठाताई, तुम्ही विचारलंत म्हणून मुलीला खोलीचा फोटो काढायला सांगितला. टेबल खिडकीला लागून आहे. उजेड डावीकडून येतो.'"

"डावीकडून. म्हणजे लिहिताना हाताची सावली पडायची नाही." बाबांनी गाठ मारली. "कॉलेज बरं दिसतंय."

"टेबलावरून कॉलेज ठरवताय?"

"चार वर्षं टेबलावर बसायचंय तिला. कुलगुरूंच्या मांडीवर नाही."

"आता तरी सांगा त्यांना, तुम्ही ताई नाही म्हणून."

"आता कुठल्या तोंडाने सांगू? त्या 'तीन मुलांची आई' बाईंनी मला कंबरेचे व्यायाम सांगितलेत. रोज करतोय मी."

मी हसले, चहाचे कप विसळले आणि ग्रंथालयात माझ्या कामावर गेले. संध्याकाळी तिघं एकत्र जेवलो. काय बोललो ते मला आठवत नाही. बुधवारी सकाळी बाबा उठले नाहीत.

घरात आम्ही तिघंच होतो. मी सतरा वर्षांची असताना आई गेली. पुढे माझं लग्न मोडलं तेव्हा मी मुलीला घेऊन बाबांकडेच परत आले. ते तिला मुंगी म्हणत, कारण लहानपणी ती दुकानातली कागदाची कातरणं एकेक करून पळवायची. मुंगीला समुद्राचा अभ्यास करायचा होता, आणि आमच्याकडून समुद्र दोन दिवसांच्या प्रवासावर. बाबांना जाऊन तीन आठवडे झाले आणि तिला तिथल्या कॉलेजात जागा मिळाल्याचं कळलं. शुक्रवारी पाचच्या आत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती.

गुरुवारी ती म्हणाली, "मी नाही जात. इथेच कुठेतरी नाव घालते."

"का गं?"

"तिथली हवा दमट आहे. मला मानवणार नाही."

"बघ बाई, तुझी मर्जी," मी म्हटलं. मला हायसं वाटलं. आणि तसं वाटलं याची लाजही वाटली.

शुक्रवारी दुपारी मी दुकान आवरायला गेले. गिऱ्हाइकांचे कागद ज्याचे त्याला परत करायचे होते. शिकंज्यात एक जाड पुस्तक दाबून ठेवलेलं दिसलं. उघडलं तर आत फोरमची पानं. बाबांचा पडद्यावर विश्वास नव्हता. त्यांनी सगळं छापून आणून बांधून काढलं होतं. पण फोरमवर सगळ्यात नवा मजकूर सगळ्यात वर येतो, आणि आलेल्या कागदांचा क्रम बाइंडरने बदलायचा नसतो, हा बाबांचा नियम. त्यामुळे त्या पुस्तकात उत्तरं आधी होती आणि प्रश्न नंतर.

पहिल्याच पानावर 'कंटाळलेला बाप' नावाच्या गृहस्थांनी लिहिलं होतं, 'ताई, इतकं मनाला लावून घेऊ नका. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं.' त्याखाली तीन मुलांच्या आईने: 'इतक्या वर्षांनी का होईना, तिच्याशी बोला. ती रागावणार नाही.'

कुणाशी बोला, ते कळेना. मी पान उलटलं. तिथे बाबांचा मजकूर होता, मला न दाखवता छपाईच्या दुकानातल्या पोराकडून परस्पर लिहवून घेतलेला.

'आमच्या थोरलीला बऱ्याच वर्षांपूर्वी लांबच्या कॉलेजात जागा मिळाली होती. घरातलं माणूस जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. तिथला अभ्यासक्रम जुनाट आहे, मला नाही जायचं, असं ती म्हणाली. ती खोटं बोलतेय हे कळत होतं. त्यांचं माहितीपत्रक वाचून वाचून तिने पानं सुटी केली होती, ती मीच पुन्हा शिवून दिली होती. तरी मी गप्प राहिले, कारण ती मला घरात हवी होती. आता धाकटीच्या वेळी माझं तोंड उघडेल ना, एवढीच काळजी आहे.'

थोरली म्हणजे मी. धाकटी म्हणजे मुंगी. ताई राहायचं तर बाबांना तेवढी जुळवाजुळव करावीच लागली असणार.

मी स्टुलावर बसले. त्यांना अपराधी वाटू नये म्हणून ती थाप मी एकतीस वर्षं जपली होती. नीट वठली असंच समजत होते. ती पहिल्या दिवशीच फसली होती, आणि आता ती सांभाळायचं कारण उरलं नव्हतं. खांदे कधी सैल पडले ते माझं मलाही कळलं नाही.

साडेचार होत आले होते. मी मुंगीला फोन करून दुकानात बोलावून घेतलं.

"हवा दमट आहे काय?" ती आत आल्या आल्या मी विचारलं.

"आहेच मुळी."

मी पुस्तक तिच्यासमोर सरकवलं. ती उभ्या उभ्या वाचू लागली. "हे उलटं का बांधलंय?"

"पुढे वाच."

तिने वाचलं. मग पुन्हा वाचलं. "म्हणजे थोरली तू."

"आणि तू माझी धाकटी बहीण."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. बाहीने नाक पुसलंन. "तू एकटी पडशील, आई."

"पडेन की. स्वयंपाक कमी, भांडी कमी, बाथरूममध्ये तुझे केस नाहीत."

"खरं सांग ना."

"खरं सांगू? भीती वाटते मला. तुझ्याशिवाय घर कसं असतं ते मला माहीतच नाही. पण तू राहिलीस तर मला रोज तुझ्या तोंडाकडे बघवायचं नाही. जा तू."

तिने मोबाइल काढला. पाचला तेरा मिनिटं होती. बटण दाबल्यावर पडद्यावर ते चक्र बराच वेळ फिरत राहिलं. मग अक्षरं आली: 'आपला होकार नोंदवला आहे.' मुंगीने डोकं टेबलावर टेकवलं आणि लांब श्वास सोडला. मीही सोडला. मैत्रिणीला सांगायला म्हणून ती बाहेर फुटपाथवर गेली. काचेतून मला तिचे हातवारे दिसत होते.

दुकानात मी एकटीच होते. तरी आधी एकदा दाराकडे बघून घेतलं.

"मला जायचं होतं, बाबा," मी म्हटलं. आवाज नेहमीसारखाच निघाला. "तुम्ही एकदा जरी जा म्हणाला असतात, तरी गेले असते. त्याचा थोडा राग होता तुमच्यावर. आता नाही."