पायाखालची सुपारी

मी रॉकर बोलतोय, ट्रे हळूहळू डोलवत ठेवणारं यंत्र. तळवड्यातल्या एका छोट्या कंपनीच्या लॅबमध्ये मी दिवसभर झुलतो. प्रथिनं चिकटवलेली पातळ पट्टी माझ्या ट्रेमधल्या द्रावणात ठेवतात. ती सगळीकडून सारखी भिजली, की फोटोत प्रथिनांच्या रेषा ठळक उमटतात. काम एवढंच, पण माझी नजर सगळ्यांवर असते. माणसांवर भरवसा टाकायचा माझा स्वभावच नाही.

खंडेनवमीला आमच्या प्रमुख विजयश्री मॅडमनी माझी पूजा केली. झेंडूची माळ, हळदकुंकू, पुढ्यात पानसुपारी. दसरा झाला, आरफा नावाची मुलगी रुजू झाली आणि रेषा बिघडल्या. डावीकडे ठळक, उजवीकडे पुसट.

मला आधी लॅबमधल्या जुन्या जयदीपचा संशय आला. पट्टीच्या द्रावणात घालायची दूध पावडर हा बाबा चहात घालतो की काय? पण तो भलताच तोऱ्यात होता.

"आरफा, तुझा हात थरथरतो, राव. डावीकडून भरत उजवीकडे येईपर्यंत नमुना कमी पडतो."

"नाही हो, मी सगळीकडे सारखंच भरते."

विजयश्री मॅडम तिच्या पाठीशी उभ्या राहून तिचे हात न्याहाळायच्या. एकदा त्यांनी स्पष्टच सांगितलं, "आरफा, या आठवड्यात नीट आलं नाही, तर तुला कायम करता येणार नाही."

मलाही तेच वाटू लागलं. नवी माणसं, कोण जाणे!

आरफा रडली नाही. तिने पुढची पट्टी ट्रेमध्ये डावं टोक उजवीकडे करून ठेवली. आता आधी ठळक येणारे नमुने पुसट आले. म्हणजे खोट तिच्या हातात नव्हती, ट्रेच्या उजव्या कडेला होती! तिने ट्रेमध्ये साधं पाणी ओतलं. ते डावीकडे साचलं, उजवी कड कोरडी. ती खाली वाकली आणि तिने माझ्या उजव्या पायाखालून काहीतरी ओढून काढलं.

"मॅडम, ही तुमच्या पूजेची सुपारी. मशीन जागेवर सरकवताना पायाखाली गेली असणार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साऱ्या लॅबवर संशय घेतला आणि स्वतःच तिरका उभा!

मॅडमनी सुपारी हातात घेतली. "मी तुझ्या हातांकडेच बघत बसले गं," एवढंच म्हणाल्या. पुढच्या फोटोत रेषा स्वच्छ आल्या आणि आरफा कायम झाली.

माझी पूजा जरूर करा, बाबांनो, पण उठताना माझ्या पायांखाली एकदा नजर टाका.

परवा पुन्हा एक रेष पुसट आली. जयदीपने सवयीने आरफाकडे पाहिलं.

"तिच्याकडे काय बघतोस?" मॅडम म्हणाल्या. "आधी खाली वाक."