शेंदूर लागलेली विहीर

सरकारी कचेरीत कागद निघाला की काम झालं, असा आपल्याकडे जुना समज आहे. पुढे त्या कागदाचं काय होतं, हे विचारणारा माणूस कचेरीत फार दिवस टिकत नाही. आरोग्य खात्याचे निरीक्षक कृष्णात भोसले चांगले टिकले होते.

१९७४च्या उन्हाळ्यात त्यांच्या खात्यानं कुरुंदवाडच्या बाजूच्या एका गावातल्या दोन विहिरींचं पाणी तपासलं. मळ्यातल्या विहिरीचं पाणी चांगलं निघालं, वेशीजवळच्या विहिरीचं वाईट. 'सदर कूपाचे जल जीवाणुपरीक्षणान्ती पेयार्थ अयोग्य' असा कागद चावडीच्या फळ्यावर लागला. वाईट विहिरीवर लाल खूण करावी, असाही हुकूम होता. बाजाराचा दिवस, गाव ओस. कृष्णातांच्या माणसानं विहिरीच्या दगडावर लाल गोल काढला आणि जीप पुढच्या गावाला गेली.

बाजारातून परतलेल्या बायकांनी तो गोल पाहिला. दगडाला लाल रंग दिसला की आपला माणूस आधी पायताण काढतो आणि मग विचार करतो. गावानं पायताणं काढली, नारळ फोडले, हळदकुंकू वाहिलं. सरकारलाही या विहिरीचं सत्त्व पटलं म्हणायचं! चिमणाबाईची सून ताना पोटुशी होती. तिच्या घरी मळ्यातलं पाणी येई. सासूनं तिच्यासाठी मुद्दाम वेशीजवळच्या विहिरीवरून घागर आणायला सुरुवात केली.

दीड महिन्यानं कृष्णात 'प्रसिद्धी पूर्ण' असा शेरा मारायला आले आणि विहिरीवरचे हार बघून थबकले.

"अहो, हे काय! पाणी खराब आहे म्हणून ती खूण केलीय!"

"खराब?" चिमणाबाईनं घागर खाली ठेवली. "सायेब, माजी सून काविळीनं पडलीया की वो! पोटात पाणी ठरंना. आन् मी ह्येच पाणी तीर्थ म्हणून पाजतोया!"

कृष्णातांनी तानाला आपल्या जीपमधून कोल्हापूरच्या दवाखान्यात धाडलं. मग चावडीपाशी ते शाळेच्या मेहमुदाबाईंना म्हणाले, "बाई, आमची कसूर नाही. कागद फळ्यावर होता."

"मी सुट्टीत माहेरी गेलते, आज वाचला," बाई म्हणाल्या. "मला मास्तरणीलाबी दोनदा वाचावा लागला. त्यात कुठली हीर, त्येबी न्हाई. सायेब, पाणी गावाचं, मग पाण्याची माहितीबी गावाचीच की! तुमी कागद लावला, सांगितलं कुणाला?"

"मग काय करायला हवं होतं?"

"इचारायचं. हितं वाईट हिरीवर बाभळीच्या काट्या टाकत्यात. शेंबडं पोरगंबी मग त्या पाण्याला शिवत न्हाई."

कृष्णातांना राग आला. बाईंचा मुद्दा खोडता येईना, म्हणून जास्तच आला. शेरा न मारताच ते परतले.

ताना वाचली. पोटातलं मूल वाचलं नाही.

ही बातमी कळली त्याच आठवड्यात कृष्णात पुन्हा गावात आले. विहिरीवर काट्या टाकून घेतल्या, दवंडी पिटवली आणि जमलेल्या गावापुढं चावडीवर उभे राहिले. "वेशीजवळच्या हिरीत घाण झिरपतीया. त्ये पाणी पिलं की कावीळ हुतीया. मळ्यातली हीर तपासलीया, चांगली हाय. तिथलं पाणी प्या, उकळून प्या."

पुढंच बसलेली चिमणाबाई उठली. "सायेब, मळ्यातली चांगली हाय, ह्ये तुमास्नी तवाच ठावं हुतं?"

"व्हय."

"आन् आमची बोलीबी येत हुती?"

"व्हय."

"मग तवाच का बोलला न्हाईसा?"

पुढं नोकरीत असेपर्यंत कृष्णात तपासणीचा निकाल प्रत्येक गावात स्वतः बोलून सांगत आणि ऐकणाऱ्या बाईकडून तो पुन्हा म्हणवून घेत.

नागरिकहो, सरकारजवळची माहिती ही आपलीच ठेव आहे. ती कुलपात ठेवणं जितकं वाईट, तितकंच ती न कळणाऱ्या भाषेत भिंतीवर टांगणं वाईट. ज्याच्या घागरीत ते पाणी जाणार, त्याला कळलं तरच ते कळवलं असं म्हणावं.