सूर्यचुलीचे कुलूप

मित्रांनो, मला पाहून पुष्कळांना वाटते की ही कुणाची तरी जुनी पत्र्याची ट्रंक असावी. एका पाहुण्याने तर माझ्यावर बसून निवांत चहा प्यायला. मी रागावले नाही, पण एकदा सांगून टाकते: मी ट्रंक नाही, सूर्यचूल आहे. माझ्या पोटाला आतून काळा रंग आहे, वर दुहेरी काचेचे झाकण आहे आणि त्यामागे उभा राहणारा आरसा आहे. आरशावरचे ऊन काचेतून पोटात शिरते, आणि एकदा शिरले की त्याची ऊब सहजासहजी बाहेर पडत नाही. एवढेच माझे भांडवल! मला गॅस लागत नाही, लाकूड लागत नाही. आणि ऊन काय, आमच्या सोलापुरात ते न बोलावता दाराशी येऊन बसते.

माझा जन्म कुर्डुवाडीच्या एका लहानशा कारखान्यात, रेल्वेच्या शिट्ट्या ऐकत झाला. तिथून मी सोलापूरच्या एका शाळेत आले. विज्ञान प्रदर्शनात मी भात शिजवला, पाहुण्यांनी तो चाखला, टाळ्या वाजल्या, माझ्यासोबत फोटोही निघाले. त्या दिवशी मी केवढी फुगले होते! पुढे मात्र मला जिन्याखाली ढकलण्यात आले आणि माझ्या पोटात खडूचे खोके आणि एक फुटका पृथ्वीगोल येऊन पडला. भंगारवाला दारात आला, तेव्हा तिथल्या शिक्षिका सिद्धेश्वरीबाईंनी रीतसर परवानगी काढून मला रिक्षात घातले आणि घरी आणले.

घरी त्यांच्या सासूबाई होत्या, गुरम्मा. त्यांनी मला चहूबाजूंनी न्याहाळले.

"उन्हात अन्न शिजतं व्हय? मग आमी काय येडे, जन्मभर चुलीपुढं बसलो?"

तरी त्यांनी डाळ लावून पाहिली. पण गुरम्मांची स्वयंपाकाची रीत निराळी. झाकण उचलायचे, वास घ्यायचा, पुन्हा झाकायचे. गॅसवर ते चालते. माझे झाकण उचलले की सगळी जमवलेली ऊब भुर्रकन उडून जाते, आणि मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दिवस कलला तरी डाळ आपली टणक.

"तुजी पेटी लई आळशी हाय गं," असा निकाल लागला. मग गच्चीच्या कोपऱ्यात माझ्यावर लोणच्याची बरणी आली आणि चिमण्यांसाठी पाण्याचे भांडे आले. चिमण्यांचे मला वाईट वाटले नाही. आळशी म्हटल्याचे मात्र फार लागले.

आता खरी गोष्ट ऐका. बसव जयंतीला गुरम्मा गल्लीसाठी हुग्गी करतात. हुग्गी म्हणजे खपली गहू, गूळ आणि खोबऱ्याची घट्ट खीर. गहू मऊ व्हायला गॅस तासन्‌तास जळतो, आणि तोही ऐन वैशाखात. गेल्या वर्षी बाहेर आग ओकणारे ऊन आणि आत पेटलेली शेगडी. गुरम्मा ओट्यापाशीच चक्कर येऊन पडल्या. सलाईन लावावे लागले. म्हणून यंदा त्यांचा मुलगा महेश्वर म्हणाला, "अव्वा, हुग्गी न्हाय करायची. मी पेढे आणतो."

गुरम्मा भांडल्या नाहीत, आणि त्याचेच सगळ्यांना भय वाटले. त्या नुसत्या कांडून ठेवलेल्या गव्हाचा डबा या फळीवरून त्या फळीवर ठेवत राहिल्या. लोणच्याची बरणी न्यायला गच्चीवर आल्या, तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मला काही बोलता येत असते, तर तेव्हा बोलले असते.

पण सिद्धेश्वरीबाई बोलल्या. "अव्वा, हुग्गी गच्चीवर शिजवू की, ह्या पेटीत. तुम्ही सावलीत बसायचं."

"आणि झाकण?"

"ते उघडायचं नाही."

गुरम्मांनी थोडा विचार केला. "माजा मला भरवसा न्हाय. कुलूप लाव. आणि किल्ली महेश्वरकडं दे. मी रडून मागितली तरी त्याला सापडायची न्हाय."

सगळे घर हसले. महेश्वरही हसला. आपण किती विसरभोळे आहोत, ते त्यालाही ठाऊक होते.

जयंतीच्या सकाळी भिजवलेला गहू काळ्या डब्यांतून माझ्या पोटात आला आणि कुलूप लागले. महेश्वर थोडा वेळ दुकान उघडायला सात रस्ता चौकाकडे गेला. गुरम्मा जिन्याच्या सावलीत बसल्या, पण हाताला चैन कुठले? येत, काचेला नाक लावत, कुलूप ओढून पाहत. "जरा वास तरी घिऊ दे की," असे मलाच म्हणत. मग ऊन सरकले की मला फिरवून पुन्हा सावलीत जात. भर दुपारी एक ढग आला आणि माझ्या पोटातली ऊब उतरू लागली. आज गहू कच्चा राहिला, तर गुरम्मांची हुग्गी कायमची बंद होणार होती आणि मी भंगारात जाणार होते. ढग पुढे सरकला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

दुपार कलू लागली. आता गूळ घालायला हवा होता. तो आधी घातला की गहू मऊ होत नाही, म्हणून तो मागाहूनच घालतात. महेश्वरला फोन गेला.

"किल्ली? घरीच हाय की. देव्हाऱ्यात बघा."

देव्हारा पाहिला, फ्रिजवर पाहिले, पिठाचा डबाही चाळला. तिकडे महेश्वरने दुकानाचे खण उपसले आणि घामाघूम होऊन तो घरी धावला. शेजारणी वाट्या घेऊन येऊ लागल्या होत्या आणि हा गाद्या उलथत होता.

"आरं, खिशात काय वाजतंय तुज्या?" गुरम्मांनी विचारले.

सुट्ट्या पैशांबरोबर किल्ली शर्टाच्या खिशातच होती!

झाकण उघडले. गुरम्मांनी एक दाणा बोटांत दाबला आणि त्याचे लोणी झाले. दिवसभर कुणाला डोकावताच आले नव्हते ना! "ह्या येड्यामुळं शिजलं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मित्रांनो, त्या हातापुढे प्रदर्शनातल्या टाळ्या काहीच नव्हेत. मग गूळ, खोबरे, वेलची पडली, झाकण पुन्हा लागले आणि संध्याकाळी वाट्या भरल्या.

"पण ऊब बाहेर का जात न्हाय?" शेजारच्या प्रेमलाबाईंनी विचारले.

"काच अडवते ना," सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या. "पृथ्वीचंही तसंच झालंय. आपण गॅस, कोळसा, पेट्रोल जाळतो. त्याचा कार्बन डायऑक्साइड वायू वर साठतो आणि ऊब अडवतो. म्हणून तर उन्हाळे वाढत चाललेत."

गुरम्मांचा चमचा थांबला. "म्हंजे आपण समदी डब्यातलं गहू हाय म्हण की! मग हितली किल्ली कुणाकडं?"

सगळ्यांनी महेश्वरकडे पाहिले. त्याने सवयीने खिशात हात घातला. निघाली ती स्कूटरची किल्ली. सगळे खो खो हसले, पण तो मात्र तिच्याकडे बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी तो घडवंचीमागची जुनी सायकल काढून सात रस्त्याला गेला. हवा भरायची विसरला होता, म्हणून निम्मी वाट ढकलत गेला, तो भाग वेगळा.

आता आमच्या घरी डाळभात माझ्याकडेच असतो आणि गॅसची टाकी बरीच पुरते. प्रेमलाबाईंनीही माझी एक बहीण घरी आणली आहे. त्यांनी झाकणाला हात लावला की गुरम्मा पलीकडच्या गच्चीवरून ओरडतात, "हात काढ गं, ऊब जाती की!"

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्याकडे अडगळीत पडली असेल, तर तिची काच पुसा आणि तिला उन्हात आणा. आणि किल्ली आपल्याकडे नाही असे म्हणण्याआधी, एकदा स्वतःचा खिसा चाचपून बघा.