कॅमेऱ्याचं झाकण

कुऱ्हाडीचा पहिला घाव विमानाच्या पोटात बसला आणि यशवंतरावांनी डोळे मिटून घेतले.

"पाहवत नसन तं घरी जा ना काका," गुणवंता म्हणाला. "तुमी समोर बसले का माहा हात चालत नाही."

"मार तू. तुह्यं काम हाय ते."

लोखंड असतं तर गॅस कटरनं झटक्यात कापलं असतं. पण विमानाचं अंग ॲल्युमिनियमचं. त्याला ज्योत लावली की ते वितळून लोळागोळा होतं. म्हणून पांढुर्ण्याच्या त्या भंगारवाड्यात विमानाचा निकाल कुऱ्हाडीनं आणि घणानं लागत होता. दर घावाला असा आवाज निघे की रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागत.

हे विमान जन्माला आलं ते बॉम्ब टाकायला. पुढे त्याच्या पोटात बॉम्बच्या जागी कॅमेरे बसवले, आणि डोंगर, सरहद्दी, पूर असं सगळं वरून टिपत ते हिंडलं. म्हातारं झाल्यावर सौंसरजवळच्या एका कॉलेजनं शोभेसाठी फाटकाशी उभं केलं. कॉलेजच बंद पडलं, तेव्हा सुरेशभाऊ भंगारवाल्यानं ते लिलावात उचललं. यशवंतराव हवाई दलात याच विमानाच्या कॅमेऱ्यांवर होते. आता सौंसरला संत्र्यांचा बगीचा पाहतात. विमान फुटणार हे कळल्यापासून रोज बसनं येत होते आणि मयताला बसावं तसे बसत होते.

"गुणवंता, एक मागू?" त्यांनी पोटाखाली बोट दाखवलं. तिथे परातीएवढं, जरासं बाकदार एक झाकण होतं. "हे कॅमेऱ्याचं झाकण. काच पुसून हे लावाचं काम माह्यं होतं. ओरखडा पडू देत नव्हतो मी याच्यावर. सुरेश म्हनते, घेऊन जा. तेवढं नीट काढून ठेवशीन?"

"ठेवतो काका. चंडीमायची शपथ."

गुणवंता शब्दाचा पक्का. डोळा मात्र त्याला एकच. दुसरा तरुणपणी गोटमारीत गेला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. दिवसभर दोन्हीकडून दगडांचा पाऊस पडतो, आणि त्या पावसातून जाऊन पांढुर्ण्याच्या गड्यानं झाड तोडून झेंडा आणायचा. देवीचं काम म्हणतात. पोलीस येतात, अँब्युलन्स रांगेत उभ्या राहतात, आणि गोटे चालूच राहतात. यंदा गुणवंताच्या हर्षलनं जाहीर केलं होतं, "बाबाचा डोळा गेला अन् झेंडा तिकडेच राह्यला. यावर्षी मीच आणतो."

रजनीनं नवऱ्याला कोपऱ्यात गाठलं. "तुमी त्याले नाही म्हना."

"कोन्या तोंडानं म्हनू? मी गेलतो ना."

"मंग दुसरं काही करा. मले झेंडा नाही पाह्यजे. मले माह्यं लेकरू पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी गुणवंतानं ते झाकण उतरवलं. उतरवता उतरवता सहज स्वतःच्या छातीशी धरलं. ते छातीला असं बसलं, जसं मापानंच केलेलं. शपथ आठवली, नाही असं नाही. पण बापाच्या काळजापुढे शपथ किती टिकणार! त्यानं झाकणाला चार भोकं पाडली, वैमानिकाच्या खुर्चीचे पट्टे त्यात ओवले आणि घरी आणलं.

हर्षल भडकला. "बाबा, गोटमारीत ढाल असते का? उघड्या छातीनं जा लागते. लोक थुकतीन माह्यावर."

"सदऱ्याच्या आत कोनाले दिसते?"

रजनीनं मग पोराच्या पायालाच हात लावला. तो मागे सरकला. मुकाट्यानं पट्टे बांधून घेतले.

करीच्या दुपारी हर्षल कुऱ्हाड घेऊन पात्रात उतरला, तेव्हा आभाळात ड्रोन घिरट्या घालत होता आणि खाली माणसं माणसांना फोडत होती. एकाचे दात गेले. एकाला चौघांनी उचलून काठावर आणून टाकलं, त्याचं डोकं चिंध्यांनी बांधलं आणि चौघे परत दगड वेचायला पळाले. हर्षल वाकत, हुकवत, कमरेएवढ्या पाण्यातून पुढे सरकत होता. गुणवंता एका डोळ्यानं त्याच्याकडे पाहत श्वास मोजत होता.

सावरगावच्या गोफणीतून एक दगड सुटला तो थेट छातीवर.

टण्ण!

तो आवाज दोन्ही काठांवर गेला. क्षणभर हात थांबले.

"अबे, पांढुर्ण्याचा गडी परात बांधून आला रे!"

सावरगाव हसलं. ते चाललं असतं. मागून पांढुर्णाही हसला.

हर्षलनं वळून काठावर बापाकडे पाहिलं. मग त्यानं सदरा फाडला, पट्टे ओढून तोडले आणि झाकण पाण्यात भिरकावलं. "आता मारा!" तो ओरडला आणि धावला. वाकला नाही की दबकला नाही. एक दगड खांद्यावर बसला, एक तोंडावर. रक्त थुंकत त्यानं झाड गाठलं. पळसावर दोन घाव घातले. तिसऱ्यासाठी कुऱ्हाड उगारली, तेव्हा कानामागे दगड लागला. कुऱ्हाड पाण्यात पडली, आणि तिच्यामागे हर्षल.

गुणवंता उडी मारून गेला. दगड त्याच्याही पाठीत बसत होते. पोराला खांद्यावर टाकून आणलं, अँब्युलन्स नागपूरकडे सुटली. अर्धी वाट झाली, तोवर घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कानामागच्या दगडाला छातीवरचं झाकण काय करणार, असं लोक समजूत काढताना म्हणाले. पण तो आवाज झाला नसता तर पोरगा दबकत गेला असता, बापासारखाच एखादा डोळा देऊन घरी आला असता. हे गुणवंताला कोणी बोललं नाही. त्याला कळत होतं, आणि ते कळणं त्याला जिवंतपणी सोलत होतं.

तेरवी झाली. नदीचं पाणी उतरलं, तेव्हा पुलाखालच्या चिखलात झाकण सापडलं. यशवंतराव भेटायला आले, तर गुणवंतानं ते त्यांच्यापुढे ठेवलं.

"काका, तुमचं झाकण. शपथ मोडली मी."

यशवंतरावांनी अंगठ्यानं झाकण चाचपलं. मधोमध, डावीकडे जरा, खोल पोचा पडला होता. अंगठा तिथे थांबला.

"थांबा, पोचा काढून देतो," गुणवंता घाईनं म्हणाला. "पयल्यासारखं करून देतो." त्यानं झाकण पालथं घातलं आणि लाकडी हातोडा उचलला.

रजनी आतून ऐकत होती. ती चुलीपासून उठून आली आणि हातोड्याखाली तिनं हात ठेवला.

"राहू द्या तो पोचा," ती म्हणाली. "तेवढा एकच गोटा लेकराले लागला नाही."

यशवंतरावांनी झाकण न्यायला पिशवी आणली होती. तिची घडी करून त्यांनी ती खिशात घातली आणि ते सौंसरच्या बसला निघाले.